होल किती खोल? एमएम की इंच? कॅडवर नव्यानं बसणाऱ्यांसाठी

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, कुठल्याही एमआयडीसीतल्या छोट्या शॉपमध्ये कॅडवर (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर) नवीन माणूस बसला की पहिलं काम साधारण सारखंच मिळतं. एक प्लेट, तिच्यात चार-सहा होल, काही आरपार, काही आट्यांचे (बोल्ट पिळून बसेल असे). 'अर्ध्या तासाचं काम आहे' असं म्हणून शेठ निघून जातात. प्लेट खरंच अर्ध्या तासात होते. होल मात्र दोन दिवसांनी मशीनवरून परत येतात आणि तुमच्या टेबलाशी उभे राहतात.

माझा डिप्लोमा लातूरचा. कॉलेजात ड्रॉइंग शीट, कॅड, मशीन शॉप, सगळं झालं होतं. पण 'अठरा खोल' म्हणजे कुठून अठरा आणि कुठपर्यंत अठरा, हे बारा कव्हर बिघडवल्यावर कळलं. ती हकीकत सहाव्या पायरीत आहे. घाईत असाल तर निदान ती तरी वाचा.

उदाहरणं बहुतेक फ्रीकॅडमधली देते, कारण ते फुकट आहे आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. सॉलिडवर्क्स, फ्यूजन किंवा ऑटोकॅड वापरणाऱ्यांसाठी जिथं फरक पडतो तिथं सांगितलंय.

बसण्यापूर्वी हाताशी हे असू द्या:

- डेप्थ पट्टी असलेला व्हर्नियर
- टॅप (होलमध्ये आटे पाडायचं हत्यार) आणि ड्रिलचा तक्ता (भिंतीवर चिकटवलेला असेल तर उत्तम)
- पार्टीकडून आलेल्या फाईलसोबत एक तरी पक्कं माप, किंवा नमुना पार्ट
- शॉपमध्ये खरोखर कोणते बिट आणि टॅप आहेत त्याची यादी. ही कुणी देत नाही, स्वतः टूल क्रिबमध्ये (हत्यारांच्या खोलीत) जाऊन करावी लागते.
- मटेरियलची जाडी. कॅटलॉगातली चालणार नाही, आलेल्या प्लेटला व्हर्नियर लावून घेतलेली हवी.

१. पहिली रेघ मारायच्या आधी युनिट बघा

फ्रीकॅडमध्ये एडिट, मग प्रेफरन्सेस, मग जनरल, तिथं युनिट्स. एमएमवाली स्टँडर्ड पद्धत निवडा. त्याच ठिकाणी दशांश किती दाखवायचे तेही असतं. सुरुवातीला ते २ असतं, ते ३ करून टाका. कारण सांगते. फ्रीकॅड आत सगळी लांबी एमएममध्येच आणि पूर्ण साठवतं. पडद्यावर दिसतो तो गोल केलेला आकडा. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ एमएम, पण दोन दशांशांत त्याचा शेवटचा आकडा जातो. तुम्ही पडद्यावरून वहीत उतरवून घेतलं आणि वहीवरून दुसरा पार्ट काढला की तिथून चूक पुढं सरकत जाते.

युनिट बदललं म्हणून आधी काढलेला पार्ट बिघडत नाही. बिघडतो तो नंतर टाईप केलेला आकडा. सेटिंग इंचाचं राहिलंय आणि तुम्ही खोलीच्या खान्यात नुसता ५ टाकला, तर ते ५ इंच समजतं. म्हणजे १२७ एमएम. होल प्लेटच्या खालून बाहेर पडून हवेत जातो, आणि वरून बघताना गोल तर बरोबर जागी दिसतो. म्हणून मी सवय लावून घेतली: आकड्यापुढं इंग्रजीत एमएम किंवा इन टाईप करायचंच. युनिट लिहिलं की सेटिंग काहीही असो, सॉफ्टवेअर तेच धरतं.

सॉलिडवर्क्समध्ये उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात बघा. 'एमएमजीएस' म्हणजे एमएम, 'आयपीएस' म्हणजे इंच. फ्यूजनमध्ये डावीकडच्या झाडात डॉक्युमेंट सेटिंग्ज उघडलं की युनिट दिसतं.

ऑटोकॅडचं जरा वेगळं आहे. तिथं १०० लिहिलं की ते नुसतं १०० असतं, कशाचं ते नंतर ठरतं. नवी फाईल उघडताना दोन टेम्प्लेट समोर येतात, 'अकॅड' आणि 'अकॅडआयएसओ'. पहिलं इंचाचं, दुसरं एमएमचं. घाईत पहिलं उघडून १०० ची प्लेट काढली आणि फाईल लेझर कटिंगवाल्याकडं गेली, तर त्याचं सॉफ्टवेअर २५४० एमएम वाचू शकतं. अडीच मीटरची प्लेट. तो फोन करून हसतो तरी. उलटं झालं तर पार्ट इतका बारीक होतो की हसू येत नाही. आणि एक: ऑटोकॅडात 'युनिट्स' ही आज्ञा देऊन इंचाचं एमएम केलं म्हणजे रेघांची लांबी बदलत नाही. फक्त पाटी बदलते. लांबी बदलायची तर 'स्केल' करून २५.४ नं गुणावं लागतं.

२. बाहेरून आलेली फाईल आधी मोजा, मग काम सुरू करा

पडद्यावर सगळं सारखंच दिसतं. झूम केलं की मुंगी आणि म्हैस दोन्ही पडदाभर. म्हणून नजरेवर जाऊ नका. फाईल उघडली की सगळ्यात आधी एक ओळखीचं माप घ्या आणि पार्टीनं दिलेल्या मापाशी ताडा.

- खरं माप १०१.६ आणि फाईलमध्ये ४ येतंय: फाईल इंचात आहे, २५.४ नं गुणा
- खरं माप १०० आणि फाईलमध्ये १० येतंय: सेंटिमीटर
- खरं माप १०० आणि फाईलमध्ये ०.१ येतंय: मीटर

गुणताना २५ नाही, २५.४. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी चूक होते, कारण चार इंचाला २५ नं गुणलं की १०० येतं. इतका गोल, इतका सुंदर आकडा की कुणालाच संशय येत नाही. १०१.६ च्या जागी १०० चा पार्ट कापला जातो आणि होलमधलं अंतर दीड टक्क्यानं आखडतं. इंच म्हणजे बरोब्बर २५.४ एमएम हे १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून पक्कं आहे. त्यात 'साधारण' असं काही नाही.

कुठली फाईल मागायची? मिळत असेल तर स्टेप मागा, तिच्यात युनिट लिहिलेलं असतं. एसटीएलमध्ये युनिट नसतंच, नुसते आकडे. डीएक्सएफमध्ये युनिटची जागा असते, पण पाठवणाऱ्यानं ती रिकामी ठेवलेली असते किंवा उघडणारं सॉफ्टवेअर तिच्याकडं बघत नाही. फ्रीकॅडच्या डीएक्सएफ इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये स्केलचा गुणक देता येतो. तिथं कुणीतरी पूर्वी २५.४ टाकून ठेवलेलं असेल तर तुमची एमएमची फाईलही सुजून येईल. शॉपचा कॉम्प्युटर तिघं-चौघं वापरत असतील तर हे आधी बघा.

३. सूत, इंच आणि पाईपचा इंच

१९५६ साली मेट्रिकचा कायदा झाला, पण गेट-ग्रीलवाल्या मिस्त्रीच्या तोंडून सूत काही गेलं नाही. आणि जाऊही नये, त्याला त्यात अंदाज येतो. आपल्याला फक्त हिशेब यायला पाहिजे. आठ सूत म्हणजे एक इंच. एक सूत ३.१७५ एमएम. दोन सूत ६.३५, तीन सूत ९.५२५, चार सूत १२.७.

फसगत होते ती तीन सुतावर. बोलताना तीन सूत म्हणजे १० एमएम धरतात. सळईच्या दुकानात ते चालून जातं. होलला चालत नाही. मिस्त्री म्हणाला 'तीन सुताचं भोक' म्हणून तुम्ही ९.५२५ काढलं आणि पार्टीनं एम१० चा, म्हणजे १० एमएम व्यासाचा बोल्ट आणला, तर तो जाणारच नाही. एम१० च्या बोल्टला नुसतं आरपार जायचं असेल तर साधारण ११ चं होल लागतं. तेव्हा मिस्त्रीला भोक किती हे विचारू नका. 'काका, यातून बोल्ट कोणता जाणार?' असं विचारा. उत्तर नेहमी बरोबर मिळतं.

पाईपचा इंच ही तर वेगळीच जात. शेतातल्या ड्रिपपासून हायड्रॉलिक पॉवर पॅकपर्यंत सगळीकडं 'अर्धा इंची' म्हणतात. अर्धा इंच म्हणजे १२.७, म्हणून नवीन माणूस १२.७ चं होल काढून मोकळा होतो. बीएसपीच्या (पाईपच्या आट्यांचं ब्रिटिश मानक) अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ एमएम असतो. पाव इंचीचा १३.१५७. ते नाव पाईपच्या जुन्या आतल्या मापावरून आलंय, आट्यांशी त्याचा संबंध नाही. पोर्टचं होल असेल तर इंचाचं गणित करत बसू नका, सरळ बीएसपीचा तक्ता उघडा.

४. 'पॉकेट' सोडा, 'होल' वापरा

स्केचवर गोल काढून पॉकेट दिला की होल पडतो. सोपं आहे, म्हणून सगळे तेच करतात. मीही केलं. पॉकेटनं पडलेल्या होलचा तळ सपाट असतो, डब्याच्या तळासारखा. ड्रिलनं पडलेल्या होलचा तळ कधीच सपाट नसतो. कॅड जे दाखवतंय ते मशीन करू शकत नाही, आणि कुणी तक्रारही करत नाही.

फ्रीकॅडमध्ये असं करा: पार्ट डिझाईनमध्ये प्लेट तयार झाली की तिचा वरचा पृष्ठभाग निवडा, त्यावर नवं स्केच, होलच्या जागी गोल. गोलाचा व्यास काहीही ठेवा, होलची आज्ञा फक्त त्याचा मध्य बघते. मध्याची दोन्ही बाजूंची मापं मात्र पक्की बांधा. स्केच बंद करून होल दाबा. डावीकडं जो खाना उघडतो त्यात आट्यांचा प्रकार आयएसओ मेट्रिक, माप एम८.

इथं 'थ्रेडेड' अशी एक चौकट आहे. ती टिक केली तर व्यास ६.८ येतो, म्हणजे टॅप मारण्याआधीचं ड्रिल. टिक विसरलात तर ९ येतो, म्हणजे बोल्ट सैल जाण्यापुरतं होल. पडद्यावर दोन्ही नुसते गोल. ९ चं होल पडलं की त्यात एम८ चे आटे पडायचे नाहीत, मग मोठ्या मापाचे आटे मारा किंवा इन्सर्ट (आत आटे असलेली बुश) बसवा. ही चूक मी दुसऱ्याची बघितली आहे, स्वतः केलेली नाही. एवढं तरी म्हणू द्या.

'मॉडेल थ्रेड' ही चौकट रिकामी ठेवा. तिनं खरे आटे काढले जातात, लॅपटॉप तापतो आणि मशीनवाल्याला त्याचा काही उपयोग नसतो.

५. खोली कुठून सुरू होते

आमच्या गावी बोअरची गाडी आली की रात्री दोन वाजता रॉड मोजण्यावरून भांडण ठरलेलं. पैसे फुटावर. गाडीवाला मोजतो त्याच्या रॉडवरून, घरचे मोजतात जमिनीवरून, आणि मध्ये गाडीखाली टाकलेल्या दगड-मुरमाचे दोन फूट कुणाचे, हे ठरलेलं नसतं. कॅडमध्येही हेच आहे. सॉफ्टवेअर खोली मोजतं ती स्केचच्या पातळीपासून. तुम्हाला हवी असते पृष्ठभागापासून.

स्केच वरच्या पृष्ठभागावर असेल तर दोन्ही एकच. पण स्केच मूळ एक्सवाय पातळीवर काढलं, आणि प्लेट त्याच्या ५ एमएम खाली असेल, तर १८ खोलीतले ५ हवेत जातात. होल १३ च पडतो. वरून बघून हे कळत नाही. कापून बघावं लागतं. फ्रीकॅडच्या व्ह्यू मेन्यूत क्लिपिंग आहे. मी प्रत्येक आंधळ्या (आरपार न जाणाऱ्या) होलला एकदा तरी कापून बघते.

होल पडलाच नाही तर बहुतेक वेळा दिशा उलटी असते. 'रिव्हर्स्ड' टिक करा.

अॅलन बोल्टचं डोकं बुडवायला काउंटरबोअर असेल तर एकूण खोली वरच्या पृष्ठभागापासून धरली जाते, काउंटरबोअरच्या तळापासून नाही. काउंटरबोअर ९ आणि एकूण ३० असेल तर बारीक होल २१ च उरतो. ड्रॉइंगवर हे शब्दांत लिहिण्यापेक्षा सेक्शन (कापलेल्या पार्टचं चित्र) काढून माप द्यावं.

६. खोली कुठं संपते

आता बारा कव्हरांची गोष्ट. एका गिअरबॉक्सची झाकणं होती, २० एमएम जाड प्लेट. आतल्या बाजूला तेल, बाहेरच्या बाजूला मोटरची ब्रॅकेट बसणार. ब्रॅकेटसाठी प्रत्येकी चार एम८ चे होल, आंधळे, कारण आरपार गेले तर तेल बाहेर येणार. आटे १२ एमएम हवे होते. टॅपच्या टोकाला जागा लागते म्हणून मी ड्रिल १८ खोल धरलं. २० मधून १८ गेले, खाली २ एमएम उरले. मॉडेलमध्ये पॉकेट मारला, सेक्शन काढला, खाली दोन एमएमची सरळ भिंत दिसली. ड्रॉइंगवर लिहिलं: ड्रिल ६.८, १८ खोल.

झाकणं झाली, रंगली, बसली, तेल भरलं. दुसऱ्या दिवशी असेंब्लीतले परभणीकडचे काका वर आले आणि दारातूनच म्हणाले, "मॅडम, बोल्टातून तेल यायलंय की."

बोल्टातून तेल कसं येईल? खाली गेले तर खरंच दोन बोल्टांच्या डोक्याभोवती घाम आल्यासारखं तेल. एक झाकण काढून धुऊन उजेडाकडं धरलं. काळ्या होलच्या तळाशी, मधोमध, टाचणीच्या टोकाहून बारीक असा उजेडाचा ठिपका.

हिशेब असा. साध्या ट्विस्ट ड्रिलचं टोक ११८ अंशांचं असतं. त्या टोकाची उंची व्यासाच्या ०.३ पट येते. ६.८ गुणिले ०.३ म्हणजे २.०४. मशीनवाल्यानं १८ खोली पूर्ण व्यासाच्या भागाला दिली, जशी द्यायला पाहिजे तशीच. त्याखाली टोक आणखी २.०४ गेलं. १८ अधिक २.०४ म्हणजे २०.०४. प्लेट २०. चार शतांश एमएमनं टोक पलीकडं डोकावलं आणि केसभर भोक पडलं. ज्या प्लेट जराशा जाड आल्या होत्या त्या वाचल्या, म्हणून सगळ्यांतून तेल आलं नाही. मॉडेलमधली दोन एमएमची भिंत फक्त मॉडेलमध्येच होती.

मशीनवाल्याची काडीची चूक नव्हती. त्यानंच मला तो हिशेब फळीवर खडूनं लिहून दाखवला.

तर लक्षात ठेवायचे गुणक, व्यासाच्या पटीत टोकाची उंची:

- ११८ अंशांचं टोक: ०.३०
- १३५ अंशांचं टोक (कठीण मटेरियलसाठी, कार्बाइडमध्येही): ०.२१
- ९० अंशांचं टोक: ०.५०

म्हणजे २० च्या ड्रिलचं टोकच सहा एमएम. पातळ प्लेटमध्ये मोठं आंधळं होल मागताना हे आधी मनात यायला हवं.

फ्रीकॅडच्या होलमध्ये 'ड्रिल पॉईंट' ला दोन पर्याय आहेत, सपाट आणि कोनाचा. कोनाचा निवडा, ११८ ठेवा. त्याखाली टोकाला खोलीत धरायचं की नाही अशी चौकट आहे. टिक केली तर १८ मध्ये टोकही आलं, म्हणजे सरळ भाग जवळपास १६ च. टिक नसेल तर १८ सरळ आणि टोक वेगळं. शॉपमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये चालणारी पद्धत दुसरी आहे: खोली म्हणजे पूर्ण व्यासाचा सरळ भाग. म्हणून चौकट रिकामी ठेवा. सॉलिडवर्क्सच्या होल विझार्डमध्ये खोली खांद्यापर्यंत की टोकापर्यंत, असे दोन पर्याय मिळतात. 'शोल्डर' म्हणजे खांदा, हा सरळ भाग जिथं संपतो ती कड. फ्यूजनमध्येही ड्रिल पॉईंट सपाट की कोनाचा, हे निवडता येतं.

आणि टोकाखाली उरणारी भिंत? माझा स्वतःचा नियम आहे, तेल किंवा हवा पलीकडं असेल तर किमान दीड ते दोन एमएम. प्लेट १९.८ येऊ शकते, बिटाची धार कमी-जास्त लागलेली असते. या सगळ्याला पुरेल एवढं ठेवायचं.

७. आट्यांची खोली वेगळी, ड्रिलची वेगळी

टॅपचं टोक निमुळतं असतं. पहिले काही आटे पूर्ण पडतच नाहीत. टेपर टॅपला असे ७ ते १०, दुसऱ्या म्हणजे प्लग टॅपला ३ ते ५, बॉटमिंग टॅपला १ ते २. एम८ ची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५. प्लग टॅपनं १२ एमएम पूर्ण आटे हवे असतील तर खाली पावणेचार ते सव्वासहा एमएम जादा ड्रिल लागतं. मी १८ धरलं होतं ते यातूनच, आणि तेवढं गणित बरोबर होतं.

मग त्या झाकणात काय करायला हवं होतं? स्टीलमध्ये आट्यांची लांबी बोल्टच्या व्यासाएवढी मिळाली की साधारण भागतं. एम८ ला ८ ते १० पुरले असते. १२ मी उगाच, 'मजबूत राहू दे' म्हणून घेतले. १० एमएम आटे, १५ ड्रिल, टोक २.०४, खाली जवळपास ३ एमएम शिल्लक. ओतीव लोखंडात दीडपट आणि अॅल्युमिनियममध्ये दुपटीच्या आसपास आटे घ्यावे लागतात, तिथं एवढी चैन नाही.

तक्ता पाठ नसेल तर मेट्रिक मोठ्या पिचसाठी सोपी वजाबाकी: माप वजा पिच. एम६ ला ५, एम८ ला ६.८ (६.७५ येतं, बाजारात ६.८ मिळतं), एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२. फ्रीकॅडमध्ये आट्यांची खोली वेगळी देता येते. ती 'होलच्या खोलीएवढी' अशी राहू देऊ नका, नाहीतर तळापर्यंत आटे मागितल्यासारखं होतं आणि टॅप तळाला टेकून तुटतो. तुटलेला टॅप काढायला पार्ट स्पार्कवाल्याकडं (ठिणगीनं धातू झिजवणारं मशीन असलेल्याकडं) न्यावा लागतो. त्याचं बिल पार्टच्या किमतीहून जास्त.

८. आरपार म्हणजे 'थ्रू ऑल'

प्लेट २० ची आहे म्हणून खोली २० टाकू नका. उद्या पार्टी २५ ची प्लेट करा म्हणेल आणि तुमचे आरपार होल आंधळे होतील. 'थ्रू ऑल' ठेवा. उलट, पोकळ चौकोनी पाईपच्या एकाच भिंतीत होल हवा असेल तर 'थ्रू ऑल' समोरची भिंतही फोडतं. तिथं माप द्या.

९. ड्रॉइंगवर काय लिहायचं

'एम८ × १८ खोल' असं लिहू नका. अठरा कशाचे, आट्यांचे की ड्रिलचे? वाचणारा आपापल्या परीनं अर्थ लावतो. मी आता असं लिहिते:

ड्रिल ६.८, सरळ भाग १५ खोल, टोक ११८ अंश. एम८ आटे १० खोल. ४ जागी. मागची बाजू फुटू नये.

शेवटचं वाक्य कुठल्याही मानकात नाही, पण मशीनवाला ते वाचून थांबतो. खोलीसाठी चिन्ह वापरणार असाल (आडव्या रेघेखाली खाली जाणारा बाण), तर शॉपमधल्या सगळ्यांना ते कळतं का हे आधी विचारा. टायटल ब्लॉकमध्ये 'सर्व मापं एमएममध्ये' हे ठळक लिहा. पार्टच्या बाजूंची चित्रं मांडायची पद्धत आपल्याकडं फर्स्ट अँगल चालते, अमेरिकेच्या पार्टीचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये आणि बहुधा इंचात येतं. दोन्ही गोष्टी एकदम तपासा.

१०. फाईल खाली पाठवल्यावर

सीएनसीवर (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर) जात असेल तर प्रोग्रॅममध्ये जी२१ आहे का बघा. जी२१ म्हणजे एमएम, जी२० म्हणजे इंच. आणि झेडची खोली मशीनला टोकाची कळते, खांद्याची नाही. सरळ भाग १५ हवा असेल तर ६.८ च्या ड्रिलला झेड १७.०४ जायला हवं. काही कॅम (मशीनचा प्रोग्रॅम तयार करणारी) सॉफ्टवेअर टोक आपोआप धरतात, काही विचारतात. ऑपरेटर आणि तुम्ही दोघांनीही टोक वाढवलं तर पुन्हा उजेडाचा ठिपका दिसू शकतो. दोघांपैकी कोण वाढवणार, हे तोंडी ठरवा.

पहिला पार्ट हातात आला की व्हर्नियरची डेप्थ पट्टी होलमध्ये घालून समाधान मानू नका. पट्टी बारीक असते, ती टोकाच्या खड्ड्यात कुठंही टेकते. कधी १५.८, कधी १६.९, हात हलला की आकडा बदलतो. त्यापेक्षा ६.५ च्या बिटाची उलटी, सपाट बाजू होलमध्ये सोडा, बाहेर राहिलेला भाग मोजा आणि पूर्ण लांबीतून वजा करा. ती बाजू खांद्याच्या जवळच टेकते, फरक एमएमच्या दहाव्या हिश्शाच्या आतला. दांड्याची कड चेपलेली नको, एवढं बघा. आटे मोजायला एक बोल्ट हातानं बसवायचा, किती फेरे जातात ते मोजायचे, पिचनं गुणायचं. एम८ चा बोल्ट आठ फेरे गेला तर १० एमएम.

मग पार्ट उलटा करून खिडकीपाशी न्यायचा. एक डोळा मिटून चारही होलमधून बघायचं. आमच्याकडं हे माझं रोजचं काम आहे, आणि खालचे काका अजूनही विचारतात, "काय मॅडम, चांदण्या दिसायलेत का?"